साडेसहा हजारांचं लीडरशिप वर्कशॉप : पहिला दिवस झोपेचा, दुसरा पैसावसूल

आधीच सांगतो, पैसे कंपनीने भरले म्हणून गेलो, स्वतःच्या खिशातून गेलो असतो का तर अजिबात नाही. माणशी साडेसहा हजार वर जीएसटी, दोन दिवस, विषय काय तर कठीण काळात टीम कशी तगवायची हे कलावंतांकडून शिका. आमचा चाकणला गाड्यांचे पार्ट बनवायचा प्लांट आहे, गेल्या वर्षी दोन मोठ्या ऑर्डरी हातच्या गेल्या, लोक धास्तावलेले, त्यात एचआरला हे कुठूनतरी सापडलं आणि आम्हा सात जणांची रवानगी झाली. आयोजकांचं नाव लिहीत नाही कारण पहिल्या दिवसाबद्दल जे लिहिणार आहे ते काही फार गोड नाहीये.

पहिला दिवस हॉटेलच्या हॉलमध्ये. एसी असा की जेवणानंतर दोघं जण चक्क जर्किन घालून बसले. ट्रेनर बोलायला चांगला होता, पण प्रत्येक गोष्ट संपली की टाळ्या वाजवायला लावायचा, आणि गोष्टी त्याच ज्या आपण शाळेपासून ऐकतोय. बालगंधर्व आले. १९११ साल, किर्लोस्कर मंडळीचा 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी पोटची मुलगी गेली आणि तरी गंधर्व नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. अंगावर काटा येतोच, नाही म्हणत नाही. पण माझे आजोबा नाटकवेडे असल्यामुळे पुढची गोष्टही मला माहितीये. १९१३ ला स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली, मग खरे शालू, खरी अत्तरं, स्टेजवर गालिचे, कुठे हात आखडायचा नाही, आणि कंपनी कर्जात रुतत गेली. म्हणजे दुःखात उभं राहायला अफाट पण हिशेबात साफ ढिला, एकच माणूस. मॅनेजर लोकांना शिकवायचं तर हा दुसरा भाग जास्त कामाचा आहे की नाही? तो स्लाईडवर नव्हता.

मग विठाबाई. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची ती गोष्ट, दिवस भरलेले असताना फडावर नाचायला उभ्या राहिल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर, म्हणजे स्टेजवर आल्या. ट्रेनर म्हणाला ही खरी कमिटमेंट. झाल्या टाळ्या. तेवढ्यात आमच्या स्टोअरच्या मॅडम सरळ म्हणाल्या, "अहो पण त्यांच्या जागी उभं राहायला दुसरं कोणीच नव्हतं का?" ट्रेनर हसला आणि पुढच्या स्लाईडवर गेला. माझ्या मते अख्ख्या दिवसातला एकमेव कामाचा प्रश्न तो होता. त्याच विठाबाईंना १९५७ ला आणि १९९० ला राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला आणि तरी शेवटची वर्षं हलाखीत गेली, २००२ ला वारल्या. हे ऐकून जिद्दीचं कौतुक करायचं का बाळंतपणातही सुट्टी न मिळणाऱ्या बाईबद्दल लाज वाटून घ्यायची ते ज्याचं त्याने ठरवावं, मी टाळ्या वाजवल्या नाहीत. (जेवण मात्र चांगलं होतं, बासुंदी होती.)

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने नारायणगाव. आणि इथे मला माझं मत बदलावं लागलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावात फडांच्या, म्हणजे तमाशा कंपन्यांच्या राहुट्या लागतात, एकेका फडाचं तात्पुरतं ऑफिसच म्हणा, आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन चैत्रातल्या जत्रेसाठी सुपारी देतात. तारीख, रक्कम, कोण कलाकार येणार, सगळं तिथे ठरतं. एका राहुटीत आम्हाला बसवलं. बोलायला साठीच्या एक बाई होत्या, पूर्वी वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात काम करायच्या, आता फडाचा हिशेब बघतात. त्यांनी ना माईक घेतला ना स्लाईड, वही पुढ्यात आणि चहा.

त्यांना विचारलं, सगळ्यात वाईट दिवस कुठले? म्हणाल्या, "साहेब, पाडव्याचेच." २०२० चा पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशभर लॉकडाऊन. म्हणजे वर्षाची कमाई ज्या दिवसांवर, नेमके तेच गेले. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आणि १४ च्या रात्रीपासून संचारबंदी. दोन सीझन सलग. आणि इथे एक गोष्ट कळली जी मला खरंच माहीत नव्हती, फडमालक सीझनच्या आधीच कलाकारांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, ती फिटते खेळ झाले तर, आणि उचलीला पैसा कुठून तर मालकानेच व्याजाने आणलेला. खेळ नाही तर कलाकार मालकाचा देणेकरी आणि मालक सावकाराचा. आम्ही गप्प. आमच्यातल्या अर्ध्यांनी त्याच काळात घरी बसून पूर्ण पगार घेतला होता.

मग फड टिकला कसा? बाईंचं उत्तर अगदी साधं. कोणी भाजी विकली, कोणी शेतात मजुरीला गेलं, पण फोन सुरू ठेवले, कोणाचं पोरगं आजारी, कोणाच्या घरात किराणा नाही हे वहीत लिहीत गेल्या आणि जमेल तसे दोन पैसे धाडले. उचल मागायला कोणाच्या दारात गेल्या नाहीत. दसऱ्याला परत बोलावलं तेव्हा दोन ढोलकीवाले सोडून सगळे आले.

खरी मजा पुढे. त्यांच्याकडच्या सोंगाड्याने, हा माणूस तीस वर्षं बतावणी करतोय, खेळाची रचनाच समजावून सांगितली. गण म्हणजे गणपतीचं स्तवन, गवळण म्हणजे कृष्ण-गवळणींचा भाग, बतावणी म्हणजे विनोदी बोलणं, रंगबाजी म्हणजे लावण्या आणि मग वग. लाईट गेली, पाऊस आला, कलाकाराची गाडी अडकली, तर बतावणी लांबवायची. पब्लिक पेंगायला लागलं तर रंगबाजीत एक लावणी जास्त. उशीर झाला तर वग आटपायचा, कारण वगाची गोष्ट ठरलेली असली तरी जुन्या पद्धतीत बोलणं बरंचसं तिथल्या तिथे रचलेलं, त्यामुळे कुठून काय कापायचं ते सगळ्यांना ठाऊक. आणि मागे झील धरणारी, म्हणजे गाणाऱ्याच्या मागून ओळ उचलणारी पोरं वर्षानुवर्षं ऐकून ऐकून तयार झालेली, कोणी आजारी पडलं तर त्यातलाच एक पुढे येतो. स्टोअरच्या मॅडमनी माझ्याकडे बघितलं. काल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं होतं, फक्त ट्रेनरकडून नाही. बोर्डावर कोण मरेस्तोवर राबतोय यापेक्षा त्याच्यामागे झीलकरी तयार आहे का, हे बघायचं होतं आणि आदल्या दिवशी आम्हाला भलतंच दाखवलं.

तक्रारी : बस पाऊण तास लेट, राहुटीत फक्त अडीच तास दिले आणि मग परत हॉटेलात आणून ग्रुप ॲक्टिव्हिटी, चार्टपेपरवर झाड काढा वगैरे. तो वेळ तिथेच दिला असता तर रात्रीचा खेळ बघून सकाळची हजेरी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचा खेळपण बघता आला असता. त्या बाईंना आणि सोंगाड्याला मानधन किती दिलं असं मी आयोजकांना विचारलं तर उत्तर गोलमाल आलं, सात जणांचे पंचेचाळीस हजार पाचशे घेतलेत तेव्हा हे विचारायचा हक्क आहे असं मला वाटतं. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय.

कोणाला जायचं असेल तर फक्त दुसऱ्या दिवसाचं बुकिंग देतात का विचारा. नाहीतर पाडव्याच्या आधी चार मित्र गाडी काढा आणि थेट नारायणगावला जा, वाटेत मिसळ खा, राहुटीत कोणी नाही म्हणत नाही, फक्त जाताना फडाला काहीतरी देऊन या.

५ पैकी ३. सोमवारी प्लांटला गेल्यावर कोणत्या मशीनचं सेटिंग एकाच माणसाला येतं त्याची यादी काढायला सांगितली. अकरा निघाल्या. त्यातल्या चार मशीनवर जो एकमेव माणूस आहे तो पुढच्या महिन्यात बहिणीच्या लग्नाला सुट्टी मागतोय.