मिलेच्या 'ग्लीनर्स'ची हाताने रंगवलेली कॉपी मागवली, पण मुकादमच गायब!

सोफ्यामागची भिंत दोन वर्षं रिकामी होती. नवरा म्हणत होता एखादं प्रिंट लावून टाकू, पण मला खरं ऑइल पेंटिंगच हवं होतं, आणि ओरिजिनल परवडणाऱ्यातले काही आपण नाही, म्हणून हाताने कॉपी रंगवून देणाऱ्या एका ऑनलाइन साइटवर ऑर्डर टाकली. साइटचं नाव लिहीत नाही, आमचं भांडण मिटलंय आता.

चित्र फ्रेंच चित्रकार मिलेचं 'द ग्लीनर्स'. कापणी झालेल्या शेतात तीन बायका खाली पडलेली गव्हाची कणसं वेचतायत, मागे लांबवर गंज्या, भरलेली गाडी, मजुरांची गडबड आणि पार उजवीकडे घोड्यावर बसलेला एक बारकासा माणूस, देखरेखीवरचा. ओरिजिनल १८५७ चं, पॅरिसच्या म्युझे दॉर्से या संग्रहालयात आहे. मी लॅपटॉपवर बघत होते तेव्हा सासूबाई शेजारीच होत्या, चष्मा वर ढकलून म्हणाल्या, "अगं, या तर सरवा वेचतायत की!" त्यांचं माहेर बार्शीकडचं, लहानपणी आईबरोबर भुईमुगाचा सरवा वेचायला जायच्या. मी इतके दिवस ग्लीनिंग ग्लीनिंग वाचत बसलेले आणि आपल्याकडे त्याला इतका नेमका शब्द आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. मग म्हणाल्या, "आणि तो बघ मुकादम, घोड्यावर." तो मला तोवर दिसलाही नव्हता.

आता माझा गाढवपणा. ओरिजिनल साधारण ८३.५ बाय ११० सेंटिमीटर आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३ पट. मी साइटवरचा रेडीमेड साइज घेतला, २४ बाय ३६ इंच, म्हणजे दीडपट. यात ते चित्र बसवायचं तर एकतर बायका आडव्या ताणा नाहीतर वरून-खालून कापा, आणि त्या चित्रात आभाळ आधीच जेमतेम पट्टीभर आहे. त्यांनीच मेल करून विचारलं, आभाळ कमी केलं तर चालेल का, तेव्हा माझी ट्यूब पेटली आणि २४ बाय ३२ करून घेतलं. तुम्ही ऑर्डर देणार असाल तर आधी हा भागाकार करा.

तीन आठवड्यांनी प्रूफचा, म्हणजे पाठवण्याआधी पसंतीसाठीचा, फोटो आला. पहिल्या नजरेत भारी वाटलं, मी ओके लिहिणारच होते तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मुकादम कुठंय गं?" झूम केलं तर घोड्याच्या जागी तपकिरी डाग. मग बाकीचंही नीट बघायला लागले. उजवीकडची बाई, जी अर्धवट वाकलीय, तिला सरळ नाक आणि गुलाबी गाल दिलेले, अगदी कॅलेंडरवाल्या. आणि हात असे नाजूक की त्यांनी कधी साधी भाजीसुद्धा निवडली नसावी. अरे, मिलेच्या चित्रात चेहरे जवळपास दिसतच नाहीत, सगळं लक्ष त्या रापलेल्या जाड हातांवर आणि वाकलेल्या पाठींवर जातं. फ्रान्समधल्या १८४८ च्या क्रांतीला दहा वर्षंही झाली नव्हती आणि हा माणूस गरीब बायका एवढ्या मोठ्या करून सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, टांगतो, म्हणून तर तिथली बडी मंडळी चिडली होती. त्या बायकांना सुंदर करून टाकलं की उरतं काय, गावाकडची संध्याकाळ, वॉलपेपर.

फोटोवर लाल गोल काढून पाठवले. सोबत म्युझियमच्या साइटवरचा फोटो रेफरन्स म्हणून दिला, कारण त्यांनी वापरलेला नारिंगी होता, आणि नेटवर या चित्राचे दहा फोटो दहा रंगांचे मिळतात, कॉपी करणाऱ्याला बिचाऱ्याला जो देतील तोच खरा. एक दुरुस्ती फुकट असते, ती त्यांनी मात्र मन लावून केली. हात मस्त झाले, मुकादम परत आला, निळ्या आणि लाल रुमालांचे रंग छान उतरलेत. उजवीकडचीचं नाक अजून जरा जास्तच सरळ आहे, पण सोडलं.

पॅकिंगला मात्र माझे मार्क शून्य. रंगाची बाजू आत करून कॅनव्हास बारीक नळीत गुंडाळलेला. रंग बाहेरच्या बाजूला ठेवून कॅनव्हास जाड नळीवर गुंडाळायचा असतो, नाहीतर रंग आतल्या आत दाबला जातो. वरून प्लास्टिक लावलेलं, त्याला आभाळाचा थोडा रंग चिकटून आला. जवसाच्या तेलाचा वास पंधरा दिवस हॉलमध्ये होता.

हाताने रंगवलंय की प्रिंटवर जेल फासलंय हे बघायला खिडकीशी तिरपं धरा. खऱ्यात ब्रशचे फटकारे पदराच्या, पाठीच्या वळणाने जातात, फसव्यात खरखरीतपणा एकीकडे आणि चित्र दुसरीकडे. भिंगातून ठिपके दिसले तर विषयच संपला. माझं खरं निघालं.

चित्र १३,८०० ला पडलं, लाकडी चौकटीवर ताणून फ्रेम करायला कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याने २,९०० घेतले. चारी बाजूंनी दोन इंच कोरा कॅनव्हास सोडला होता म्हणून ताणता आलं, ऑर्डर देताना हे विचारून घ्या. तो काच लावायलाच निघाला होता, मी अडवलं, ऑइलला काच नको.

पाचात साडेतीन स्टार, त्यातला अर्धा मुकादमाचा. फायनल वार्निश सहा महिने थांबूनच करायचं असं वाचलंय, ऑइल हवेशी हळूहळू सुकतं म्हणून, तर दिवाळीनंतर पुण्यात कोण नीट करून देईल ते माहीत असलं तर सांगा.