नाट्यगीतं वाजवणाऱ्यासाठी मेयर ५ एमएम

आल्टो सॅक्सोफोनवर नाट्यगीतं, भावगीतं, जुनी हिंदी गाणी वाजवायची असतील तर मेयर ५ एमएम हा माउथपीस (तोंडात धरून फुंकायचा भाग) बेलाशक घ्या. पाश्चात्त्य क्लासिकलच्या ग्रेड परीक्षा द्यायच्या असतील तर सेल्मर एस८० सी स्टार बरा. आणि शिकायला लागून वर्षही झालं नसेल तर यामाहा ४सी तोंडाला आहे तो राहू द्या, त्या पैशात चांगल्या रीड्स (माउथपीसला बांधायच्या, फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्ट्या) घ्या.

मी फोंड्याचा. चवथीला आणि जत्रांच्या दिवसांत आमच्या ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम असतात, एरवी लग्नं. गोव्यात सॅक्स म्हटला की लोकांना तियात्राचा, म्हणजे कोंकणी नाटकाचा, बँड आठवतो. त्यावर नाट्यगीत सुरू झालं की पहिल्या रांगेतल्या आज्या आधी दचकतात, मग ताल धरतात. सॅक्सोफोनवादक कद्री गोपालनाथांनी (१९४९–२०१९) याच आल्टोवर कर्नाटक संगीतातली गमकं, म्हणजे सुरांची आंदोलनं, वाजवली, त्यामुळे 'ह्या वाद्यात मींड कुठली यायला' ही सबब आता चालत नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं, येते. पण ती निम्मी जबड्यातून आणि घशातून काढावी लागते, आणि तिथेच माउथपीसचा संबंध येतो.

रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांच्यातली फट, म्हणजे टिप ओपनिंग, यामाहा ४सीला १.६० मिलिमीटर आहे. मेयर ५ला इंचाच्या हिशेबात ०.०७१, म्हणजे सुमारे १.८०. दोन दशांश मिलिमीटरचा फरक, पण ओठाला पहिल्या फुंकरीत कळतो. रीडला हलायला जागा जास्त, म्हणून खालचा ओठ किंचित सैल सोडला की सूर सलग खाली उतरतो. कोमल निषादावरून धैवतावर येताना ४सीवर मला पायरी ऐकू यायची, मेयरवर उतार मिळतो. मोबदल्यात सूर धरून ठेवायला ओठ जास्त लागतात, लांब षड्ज डळमळतो. म्हणून रीड अर्ध्या नंबरने खाली, म्हणजे मऊ, आणली: ४सीवर तीन होती, इथे अडीच. ५ एमएममधले दोन एम म्हणजे मध्यम फेसिंग (रीडपासून दूर वळत जाणारा भाग) आणि मध्यम चेंबर (आतली पोकळी). आवाज ४सीपेक्षा उजळ, माइक बंद पडला तरी मांडवाच्या टोकापर्यंत जातो. कॅननबॉल अ‍ॅडरलीसारखे जॅझवाले मेयर वाजवायचे ते उगाच नाही. तानपुऱ्याशेजारी शांत आलापी करायची तर मात्र हा थोडा आगाऊ वाटतो.

धातूचा घेऊ का, असं पोरं विचारतात. दिसतो झकास. पण आवाज ठरतो तो आतल्या आकारावर, फटीवर आणि बॅफलच्या, म्हणजे टोकामागच्या आतल्या छताच्या, चढावर. रबर की धातू हे त्यानंतर.

दुकानात एकाच नंबरचे दोन-तीन नग मागा, कंटाळा करू नका. उजेडाकडे धरून टोकाची कड बघा: दोन्ही बाजूच्या रेल (रीड टेकते त्या कडा) सारख्या जाडीच्या हव्यात, कुठे खवला उडालेला नको. मग ओली रीड बांधा, मागचं भोक तळहाताने बंद करा आणि टोकाकडून हवा ओढून घ्या. क्षणभर रीड चिकटून राहून 'टप' करून सुटली तर बसण चांगली. लगेच सुटली तर दुसरी रीड लावून बघा, तरीही तेच झालं तर नग बाजूला ठेवा. एका दुकानात मला काचेच्या शोकेसमध्ये उन्हात वर्षानुवर्षं ठेवलेले नग दाखवले. काळे असायला हवेत ते शेवाळी-तपकिरी झालेले आणि नाकाशी नेले की गंधकाचा वास. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, उजेडाने आणि उष्णतेने गंधक पृष्ठभागावर येतो. वर किंमत नव्याची! उठून आलो.

याच कारणाने गरम पाणी वर्ज्य. वाजवून झालं की रीड काढायची, नळाखाली साध्या पाण्याने माउथपीस धुवायचा, आठवड्यातून एकदा भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि लहान मुलांचा मऊ ब्रश, तोही आतूनच; टोकाला ब्रश लावायचा नाही. पांढरा थर बसला तर पाणी घातलेलं व्हिनेगर कापसाने. नेकवर (सॅक्सच्या वरच्या वाकड्या नळीवर) अडकवून ठेवायचा नाही, कॉर्क दबून बसतो आणि मग माउथपीस डुगडुगतो.

आपल्याकडे खरी परीक्षा आषाढ-श्रावणात. कपाटातल्या चपलांवर बुरशी येते तिथे ओली रीड माउथपीसवर राहिली तर काय होईल सांगायला नको. रीड सपाट काचेवर वाळवून डबीत, माउथपीस सुती कापडात, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या. आणि मे महिन्यात बॅग गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

उन्हाळ्यातली आणखी एक गंमत: मांडव तापला की सॅक्सचा सूर चढतो, हार्मोनियम जागचं हलत नाही. माउथपीस कॉर्कवरून थोडा बाहेर ओढावा लागतो, एसी हॉलमध्ये उलट आत. कॉर्कला ग्रीस लावलेलं असेल तरच हे दोन गाण्यांच्या मध्ये, निवेदक बोलत असताना उरकतं. गायकाचा सा काळी एक (सी शार्प) असला की आल्टोच्या सुरांच्या नावांनी माझा सा ए शार्पवर येतो, तो सूर हार्मोनियमशी आधी जुळवून घेतो.

वरच्या दातांखाली ०.८ मिलिमीटरचा रबरी पॅच पहिल्याच दिवशी चिकटवा. एबोनाइटवर दातांचे खड्डे पडतात, आणि पुढे विकायला काढलात तर घेणारा आधी तेच बघतो.