भातमुळांवरचे मिथेनभक्षक: पहिला गट की दुसरा?

पाणी साचलेल्या खाचरातील मिथेन भाताच्या देठांतील पोकळ ऊतींतून हवेत जातो आणि त्याच वाटेने मुळांशी उतरणाऱ्या प्राणवायूवर मिथेनभक्षक जिवाणू जगतात. या जिवाणूंचे दोन मुख्य गट मानतात. त्यांतील पहिल्या गटातले, उदाहरणार्थ मिथायलोमोनास, दोन्ही वायू मिळताच झपाट्याने वाढतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने भातखाचरातून वेगळा केलेला, काकडीच्या आकाराचा देखणा मिथायलोक्युक्युमिस ओरायझी याच गटातला. दुसऱ्या गटातील मिथायलोसिस्टिस व मिथायलोसायनस संथ असले, तरी खाचर सुकल्यावर तग धरण्यात ते सरस ठरतात. मिथायलोसायनस तर कोरडेपणा सोसणारे बीजाणूही तयार करतो. त्यामुळे पाणी आलटून-पालटून देण्याच्या शेतात मला दुसराच गट भरवशाचा वाटतो. सतत भरलेल्या खाचरात, मुळे जोमात असताना, पहिल्याचे पारडे जड राहते.