एकाच गाण्याने उघडणारा आणि मिटणारा संच

ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकी रॉक बँडच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त फेब्रुवारी २०२० मध्ये ‘ट्रबल नो मोअर’ हा संच निघाला. पाच सीडींच्या किंवा दहा तबकड्यांच्या स्वरूपात मिळणाऱ्या या संचात ६१ ध्वनिमुद्रणे आहेत. त्यांतले पहिले १९६९ मधले आणि शेवटचे २०१४ मधले असून ही दोन्ही ध्वनिमुद्रणे एकाच गाण्याची आहेत. मडी वॉटर्स यांच्या ज्या जुन्या ब्लूज गाण्यावरून संचाला नाव दिले आहे, तेच हे गाणे. दोन्ही ध्वनिमुद्रणांत वाजवणारी माणसे निम्म्याहून अधिक वेगळी आहेत, तरी बँड तोच वाटतो. असे का वाटते, याचा शोध घेण्यासाठी मी हा संच पुन्हा पुन्हा ऐकला.

पहिले ध्वनिमुद्रण कच्चे आहे. मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे सहा जण एकत्र आले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी जॉर्जियातल्या मेकन गावी मुक्काम हलवला, त्या दिवसांतले ते आहे. ग्रेग ऑलमन तेव्हा एकवीस वर्षांचा होता, मात्र आवाज ऐकून वय ओळखता येत नाही. त्याची ओळ संपते न संपते तोच थोरला भाऊ ड्वेन गिटारवर स्लाइडने तिला उत्तर देतो. सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात अडकवून आणि तारांवरून घसरवत तो ही स्लाइड वाजवत असे. बुच ट्रक्स आणि जेमो हे दोन ड्रमवादक पाठीमागे आहेत. बुच चाल पुढे रेटतो, तर जाझमध्ये मुरलेला जेमो त्याच चालीच्या कडेकडेने वाजवत राहतो. या बँडचा सारा डोलारा या दोघांवर उभा आहे, हे मला हेडफोन लावल्यावरच नीट कळले.

ड्वेन आणि डिकी बेट्स या दोन गिटारवादकांमध्ये कोणी मुख्य नव्हता आणि कोणी साथीदार नव्हता. दोघे कधी एकच सुरावट वेगवेगळ्या सप्तकांत वाजवत, तर कधी एकमेकांना वाट करून देत. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोअर ईस्ट या सभागृहात निर्माते टॉम डाउड यांच्या देखरेखीखाली झालेली त्यांची ध्वनिमुद्रणे रॉकप्रेमींना पाठ असतात. ती ज्यांच्याकडे आधीच आहेत, त्यांना संचाचा हा भाग ओळखीचाच वाटेल.

पुढचा भाग मात्र फार काळजीपूर्वक ऐकण्याजोगा आहे. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मेकनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. वर्ष उलटून जेमतेम दोन आठवडे होतात तोच, त्या जागेपासून जवळच, बासवादक बेरी ओकलीही तशाच अपघातात गेला. दोघेही चोवीस वर्षांचे होते. ड्वेनच्या जागी दुसरा गिटारवादक आणणे सहज शक्य असतानाही बाकीच्यांनी तसे केले नाही, त्यांनी वीस वर्षांचा पियानोवादक चक लीव्हेल घेतला. हा निर्णय मला या बँडच्या साऱ्या वाटचालीतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यामुळे गेलेल्या माणसाची नक्कल करण्याचा प्रश्नच उरला नाही. त्या वेळचे ‘रॅम्बलिन मॅन’ १९७३ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. त्यातला बास ओकलीचा आहे आणि ते त्याच्या अखेरच्या कामांपैकी एक आहे, ही गोष्ट मनात ठेवून गाण्याच्या शेवटाकडचे एकत्र चढत जाणारे गिटार ऐकले की त्यातला आनंद निराळाच भासतो. ती दुहेरी सुरावट उभी करण्यासाठी लेस ड्युडेक या पाहुण्या वादकाला बोलावले होते. म्हणजे दुसऱ्या गिटारची जागा त्यांनी भरली नव्हती, पण विसरलेही नव्हते.

१९७६ मध्ये बँड फुटला आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा जुळला. त्यानंतरच्या अरिस्टा कंपनीच्या काळातली दोन गीतसंग्रहांची निर्मिती मी कर्तव्य म्हणून ऐकली. १९८० मध्ये जेमोला काढून टाकण्यात आले आणि त्याच्या जागी गिटारवादक डॅन टोलरचा भाऊ आला. सिंथेसायझर आले, ध्वनिमुद्रण गुळगुळीत झाले आणि दोन ड्रम असूनही ते एकासारखे वाजू लागले. संपादकांनी हा काळ झाकून ठेवला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. माणसे बदलल्यामुळे बँड बिघडतो असे सरसकट म्हणता येत नाही, पण जेमोसारखा माणूस गेला की काय बिघडते, हे इथे सरळ कानांना कळते.

मधल्या काळात पुन्हा फुटलेला बँड १९८९ मध्ये जेमोसह परतला, तेव्हा गिटारवादक वॉरन हेन्स आणि बासवादक ॲलन वूडी त्यात आले. इथून पुढचा भाग हेच हा संच विकत घेण्याचे खरे कारण आहे. हेन्स बेट्सला भिडतो, त्याच्या छायेत राहत नाही. १९९९ मध्ये बुचचा पुतण्या डेरेक ट्रक्स आला. त्याचा जन्म १९७९ चा, म्हणजे ड्वेनच्या मृत्यूनंतर जवळपास आठ वर्षांनी झालेला. तोही स्लाइड वाजवतो, परंतु स्वरावरून स्वरावर घसरत जाताना तो मधल्या श्रुतींवर रेंगाळतो, आणि आपल्या कानांना ती चक्क मींड वाटते. तसे वाटणे निराधार नाही, कारण उस्ताद अली अकबर खाँ यांनी कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या संगीत महाविद्यालयात त्याने काही काळ शिक्षण घेतले आहे. एखाद्या घराण्यात शिष्याने गुरूची बंदिश घ्यावी पण तिची बढत आपल्या गळ्याने करावी, तसे त्याचे ड्वेनशी नाते आहे.

२००० साली उरलेल्या तिघा संस्थापकांनी फॅक्स पाठवून बेट्सला बँडबाहेर काढले. तीस वर्षे सोबत वाजवलेल्या माणसाला असे कळवावे, हे मला आजही पटत नाही. मात्र मध्यंतरी बाहेर पडलेला हेन्स पुढच्या वर्षी परतला आणि डेरेकबरोबरची त्याची जोडी शेवटपर्यंत टिकली, हेही या संचाच्या अखेरच्या भागात ऐकू येते.

सोबतच्या पुस्तिकेत जॉन लिन्स्की यांचा दीर्घ इतिहासपर लेख आणि भरपूर छायाचित्रे आहेत. कोणत्या काळात कोण वाजवत होते याचा गोंधळ झाला की मी त्या लेखाकडे वळत असे. ज्यांनी हा बँड कधीच ऐकलेला नाही, त्यांनी आधी फिलमोअर ईस्टचा संग्रह ऐकावा. लांबलचक गाणी सलग ऐकल्याशिवाय या वादकांची विचार करण्याची पद्धत कळत नाही, आणि ६१ तुकड्यांच्या निवडीत ती सलगता येत नाही. संचाचा मला जाणवलेला हा एकच मोठा उणेपणा आहे.

शेवटचे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमधल्या २८ ऑक्टोबर २०१४ च्या कार्यक्रमाचे आहे. तो कार्यक्रम मध्यरात्र ओलांडून गेला, म्हणजे ड्वेनच्या मृत्यूचा दिवस उजाडला होता. सहासष्ट वर्षांचा ग्रेग तेच गाणे गातो, जे त्याने १९६९ मध्ये या बँडबरोबर सर्वांत आधी गायले होते. आवाजात खरखर आली आहे, चालही थोडी जड झाली आहे. ओळ संपते, आणि डेरेकची स्लाइड तिला उत्तर देते. पाठीमागे बुच आणि जेमो आहेत. २०१७ मध्ये बुच आणि ग्रेग दोघेही गेले, २०२४ मध्ये बेट्सही गेला; त्या पहिल्या सहा जणांपैकी आता एकटा जेमो उरला आहे.