ब्लेंडरमधून थेट ए-झिरो आणि फ्लेक्ससाठी रेंडर: आठ महिने वापरल्यानंतर

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका छोट्या आर्किटेक्ट ऑफिसात ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर रेंडरिंग करतो, म्हणजे इमारतीच्या थ्रीडी मॉडेलवरून फोटोसारखं चित्र काढतो. आधी सगळं १९२०×१०८० पिक्सेलमध्ये काढायचो आणि प्रिंटच्या वेळी एआय अपस्केलरमधून (नसलेले बारकावे अंदाजानं भरून चित्र मोठं करणारं सॉफ्टवेअर) मोठं करायचो, स्क्रीनवर लई भारी दिसायचं. मग एका बंगल्याच्या शीटवर रेलिंगच्या सळया मधेच एकमेकांत मिसळल्या, आणि जाळीचं डिझाईन प्रत्येक खिडकीला वेगळं आलं. क्लायंटच्या वडिलांनी चष्मा लावून जवळ जाऊन बघितलं आणि विचारलं, "जाळी अशीच बसवणार काय?" मला लई वाईट वाटलं, कारण चूक पूर्ण माझी होती.

तेव्हापासून कॅमेरा लावायच्या आधी कागदाचं माप ठरवतो. ए-झिरो शीट (ए-फोरच्या सोळापट कागद) हातभर अंतरावरून बघतात, त्याला १५० डीपीआय (एका इंचात १५० पिक्सेल) धरतो, म्हणजे ७०२२×४९६७ पिक्सेल. साइटवरचा १०×८ फुटी फ्लेक्स लोक रस्त्याच्या पलीकडून बघतात, तिथं ५० डीपीआय म्हणजे ६०००×४८०० भरपूर झालं. फ्लेक्सला ३०० डीपीआय मागणारे भेटतात, पण त्यात ३६००० पिक्सेलची फाइल होते आणि दिसण्यात काही फरक पडत नाही.

एवढं मोठं रेंडर सायकल्स, म्हणजे ब्लेंडरचं रेंडर इंजिन, झेपवतं, कारण ते टाइल्समध्ये (चौकोनी तुकड्यांत) काढून तुकडे डिस्कवर ठेवतं. पण झाडं आणि टेक्श्चर मेमरीत राहतातच, त्यामुळं उसाचं शेत दाखवायचं तर एकच बेट करून त्याचे इन्स्टन्स (मेमरीत एकदाच राहणाऱ्या मॉडेलच्या नकला) पसरवा. डिनॉइझर (रेंडरमधला बारीक दाणा पुसणारं टूल) पूर्ण ताकदीनं लावू नका, दगडाचा खडबडीतपणा पुसून जातो आणि भिंत प्लास्टिकसारखी दिसते. मी डिनॉइझ न केलेलं मूळ रेंडर वरून थोडं मिसळतो, राहिलेला बारीक दाणा ए-झिरोवर खटकत नाही, उलट आभाळात पट्टे पडत नाहीत. फाइल १६ बिटमध्येच ठेवा, त्यात रंगांच्या छटा जास्त मावतात; जेपीजी केली की आभाळ गेलंच.

सगळ्यात जास्त त्रास रंगांनी दिला. ब्लेंडर आरजीबी (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा) देतं, मशीन सीएमवायके (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी) शाईनं छापतं, आणि उसाचा तो ताजा हिरवा शाईत येतच नाही, निळं आभाळ जांभळटतं. आता प्रिंटवाल्याकडून त्याच्या मशीनचं कलर प्रोफाइल घेऊन क्रिता या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील ते स्क्रीनवरच, बघतो आणि हिरवा आधीच थोडा उतरवतो. काळ्या दगडाचं तर विचारू नका. आपल्याकडं न्यू पॅलेससारखा घडीव काळा दगड लोकांना आवडतो, एलिव्हेशनला तसंच क्लॅडिंग मागतात, पण स्क्रीनला मागून उजेड असतो आणि कागदाला नसतो, त्यामुळं दगडाचे सगळे सांधे सावलीत बुडून नुसता काळा ठोकळा छापून आला. एका ठिकाणी तर न विचारताच प्रिंटवाल्यांनी काळा अजून वाढवला होता. आता मॉनिटरचा ब्राइटनेस कमी ठेवून सावल्या उचलतो, आणि मूळ मापातच फूटभर पट्टी, जिच्यात दगड, आभाळ, हिरवळ तिन्ही येतील, त्याच मटेरियलवर आधी छापून घेतो. पट्टी दिवसा दारात नेऊन बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको.

आणि नाव, स्केल, मजल्यांची नावं रेंडरमध्ये लिहू नका. पीडीएफमध्ये वेगळी ठेवा आणि मराठी अक्षरं कर्व्ह करूनच (फाँटऐवजी आकारात बदलून) द्या, नाहीतर प्रिंटवाल्याच्या कॉम्प्युटरवर फाँट नसला की जोडाक्षरं फुटतात.