बडोद्याजवळच्या गावांतली दूध मंडळी: भाकड काळात पारखून घ्या

वाघोडिया, पादरा, सावली, डभोई या बाजूला जमीन घेऊन ज्या मराठी घरांनी दोन-चार म्हशी बांधल्या आहेत, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दूध गावच्या मंडळीत घालायचं की दारात येणाऱ्या दूधवाल्याला द्यायचं? कोल्हापूर-सांगलीकडून आलेल्यांना मंडळीची व्यवस्था ओळखीची वाटेल. तिकडची सहकारी दूध संस्था ती इथली मंडळी, तिकडचा सचिव तो इथला मंत्री, आणि तिकडचं दिवाळीचं फरकबिल, म्हणजे वर्षभराच्या दुधावर मिळणारे एकरकमी पैसे, तो इथला भावफेर. सकाळ-संध्याकाळ दूध न्यायचं, फॅटवर, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशावर दर लागतो, बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी बिल बँकेत जमा होतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. दूध घेणं, मोजणं आणि पैसे देणं ही कामं मंडळ्या चांगली करतात. दूध आटलेल्या काळात सभासदाला धरून ठेवणं मात्र बऱ्याच ठिकाणी जमत नाही, आणि मंडळीतून सभासद गळतो तो त्याच काळात.

व्यवस्थेचा सांगाडा थोडक्यात असा. गावात मंडळी, जिल्ह्याला संघ, राज्याला फेडरेशन. खेडा जिल्ह्याचा संघ १९४६ साली उभा राहिला, बडोदा जिल्ह्याचा १९५७ साली. मकरपुरा रस्त्यावरची बरोडा डेअरी ती हीच. राज्याचं फेडरेशन १९७३ चं. गावच्या मंडळीत शेअर घेतला की तुम्ही मालकांपैकी एक. दोन लिटर घालणाऱ्यालाही एक मत, चाळीस लिटर घालणाऱ्यालाही एकच. दारातल्या दूधवाल्याला तुम्ही फक्त दूध विकता, मंडळीत मालक असता. हा फरक किती खरा उतरतो ते पुढे बघू.

सुरुवात काउंटरपासून. बरणी काट्यावर जाण्याआधी आकडा शून्यावर आहे का ते बघा. मग वजन किलोत येतंय की लिटरमध्ये, ते विचारा. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, म्हणजे घरच्या मापाने मोजलेलं दहा लिटर दूध काट्यावर १०.३ किलो दिसायला हवं. काट्याने १० दाखवले आणि मंत्री म्हणाला ‘हे किलो आहेत’, तर तुमचं पाव लिटरपेक्षा जास्त दूध कुठेतरी हरवलंय. काटाच लिटरमध्ये लावलेला असेल तर दहा बरोबर आहेत. नव्या सभासदाचे निम्मे गैरसमज इथेच तयार होतात आणि विचारायचा संकोच वाटतो म्हणून मनात राहतात.

पुढे नमुना. फॅट वर येतं, त्यामुळे बरणी न ढवळता वरून नमुना घेतला तर आकडा चढतो, तळातून घेतला तर पडतो. चांगल्या मंडळीत टेस्टर ढवळणी वर-खाली फिरवतो आणि मगच नमुना काढतो. यंत्रावर तपासणी होत असेल तर आणखी दोन गोष्टी. एक, नुकत्याच काढलेल्या दुधाला फेस असतो. त्यातले हवेचे बुडबुडे यंत्रात गेले की आकडा भरवशाचा राहत नाही. दोन, यंत्रात गाय आणि म्हैस यांची सेटिंग वेगळी असते. गाईच्या सेटिंगवर म्हशीचं दूध लावलं तर येणारा आकडा कामाचा नाही. गर्दीच्या वेळी हे बटण बदलायचं राहून जातं. शिवाय रोज पाळी संपल्यावर यंत्राच्या नळीतून गरम पाणी आणि साफ करायचं द्रावण फिरवलं नाही तर आत दुधाचा थर बसतो आणि सगळ्या गावाचीच फॅट हळूहळू सरकायला लागते.

वाद झाला तर शेवटचा शब्द गर्बर पद्धतीचा. ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या काचेच्या नळीत, १० मिली गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध, वर १ मिली अमाइल अल्कोहोल. हलवायचं, फिरवायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. ज्या मंडळीत पाळी संपेपर्यंत नमुने ठेवतात आणि सभासदाने मागितलं की तोंड वाकडं न करता गर्बर लावून दाखवतात, तिथे डोळे झाकून शेअर घ्यावा.

फॅटच्या एका पॉइंटसाठी, म्हणजे ०.१ टक्क्यासाठी, एवढा अट्टहास का, ते हिशेबातून कळेल. समजा दर किलो फॅटला ८०० रुपये आहे आणि तुम्ही एका वेळेला ५ किलो दूध घालता. फॅट ६ लागली तर ३०० ग्रॅम फॅट, २४० रुपये. ५.९ लागली तर २३६. एका वेळेला चार रुपये, दहा दिवसांच्या वीस वेळांना ८० रुपये. मात्र प्रत्येक वेळी दोष यंत्राचा नसतो. धारेची सुरुवात पातळ असते आणि शेवटची धार सगळ्यात दाट. घाईत म्हैस अर्धवट सोडली तर दाट दूध कासेतच राहतं आणि बरणीत पातळ जातं. सकाळी फॅट कमी आणि संध्याकाळी जास्त लागत असेल तर आधी दोन धारांमधलं अंतर बघा. रात्रीचं अंतर लांबलं की सकाळी दूध जास्त येतं आणि फॅट उतरते. मंत्र्याने नव्या सभासदाला हे पहिल्या आठवड्यात सांगायला हवं. ज्याला हे माहीत नसतं तो आठव्या दिवशी मंडळीला चोर म्हणतो, आणि पंधराव्या दिवशी त्याची बरणी दूधवाल्याच्या मोटारसायकलला लटकलेली असते.

हातात येणारी चिठ्ठी नीट बघा: सभासद क्रमांक, तारीख, पाळी, वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), दर, रक्कम. आठही गोष्टी असल्या तरच ती चिठ्ठी. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात, म्हणून वर्षअखेरीच्या भावफेराचा हिशेब पडताळायचा असेल तर दर बिलाला एकूण आकडे वहीत उतरवून ठेवा. एसएमएस येत असेल तर उत्तम, पण तो ज्याच्या नावावर सभासदत्व आहे त्याच्या फोनवर जातो. धार घरातली बाई काढते, बरणी तीच नेते आणि मेसेज मात्र सुरतेला नोकरीला असलेल्या नवऱ्याला. सभासदत्व जनावर सांभाळणारीच्या नावावर आणि बिल तिच्याच खात्यात, एवढं सुरुवातीलाच करून घ्या. मग सभेची नोटीसही तिच्याच नावाने निघते.

आता मुख्य मुद्दा.

म्हशीचा गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा. विण्याआधी किमान दोन महिने तिला आटवावी लागते, आणि आपल्याकडच्या म्हशी प्रत्यक्षात त्याहून जास्त काळ भाकड राहतात. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो. रात्री येतो, ओरड नसते, लक्षात येत नाही. एक माज हुकला की २१ दिवस गेले. दोन म्हशींच्या घरात दोन्ही एकदम आटल्या की त्या घराची बरणी मंडळीत कित्येक महिने दिसत नाही.

या काळात काय होतं बघा. मंडळी दाण, म्हणजे जनावरांचा खुराक, उधारीवर देते आणि पैसे दहा दिवसांच्या बिलातून कापते. बिलच नाही तर कापणार कशातून? म्हणून उधारी बंद. आणि दाणाची खरी गरज तर तेव्हाच असते: शेवटच्या दोन महिन्यांत वैरणीशिवाय रोज दीड ते दोन किलो दाण, म्हणजे एका जनावराला ९० ते १२० किलो, शिवाय रोज ५० ग्रॅम क्षारमिश्रण. इथे खाजगी दूधवाला येतो. विण्याच्या महिनाभर आधी तो हातावर रोख ठेवतो आणि अट एकच: पुढच्या अख्ख्या वेताचं दूध माझं. त्याचा दर कमी का असेना, घराला त्या आठवड्यात पैसा हवा असतो. सभासद चढ्या दरासाठी जात नाही, भाकड काळातल्या उचलीसाठी जातो. हे न ओळखता दरात रुपया-दीड रुपया वाढवून गळती थांबवायला बघणाऱ्या मंडळ्या उगाच पैसा घालवतात.

ज्या मंडळ्यांनी हे ओळखलंय त्यांचं काम साधं आणि बघण्यासारखं असतं. तिथला मंत्री रोजच्या नोंदीतून सलग सात दिवस न आलेले सभासद क्रमांक काढतो. कारणं तीनच निघतात: जनावर आटलं, जनावर विकलं, किंवा दूध दुसरीकडे जातंय. तिघांना वेगळं उत्तर लागतं. तिसऱ्याकडे कमिटीतल्या माणसाने स्वतः जायचं असतं, तेही रात्री जेवणं झाल्यावर, चार लोकांसमोर नव्हे. पहिल्याची नोंद रेतनाच्या रजिस्टरशी, म्हणजे म्हैस कधी भरवली त्या वहीशी, जोडायची. हे रजिस्टर बहुतेक मंडळ्यांत असतंच, फक्त त्याचा असा उपयोग कुणी करत नाही. १ ऑगस्टला भरवलेली म्हैस ७ जूनच्या आसपास विणार. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला तिला आटवायची, तेव्हापासून दाण द्यायचं, आणि जूनच्या मध्याला बरणी परत यायला हवी. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांनी हात घालून गाभ पक्का केला की उधारीला तारणही मिळालं. अशा म्हशीमागे ठरावीक पोती दाण उधार, आणि विल्यानंतरच्या आठ-दहा बिलांतून थोडं थोडं कापायचं, असा ठराव कमिटी करू शकते. एकाच बिलातून सगळं कापलं तर घर पुन्हा दूधवाल्याकडे वळतं, म्हणून हप्ते लहान हवेत. व्याल्यावर पहिले पाच दिवस चीक असतो, तो मंडळी घेत नाही. सहाव्या दिवशी बरणी आली नाही तर सातव्या दिवशी फोन जायला हवा.

आणखी एक अडचण पोटनियमातली आहे. मताचा हक्क चालू सभासदालाच असतो, आणि त्यासाठी वर्षात अमुक दिवस, अमुक लिटर दूध घातलेलं असावं लागतं. नियम योग्यच आहे, नाहीतर ज्याच्या गोठ्यात शेपटीही नाही तो निवडणुका लढवतो. पण भाकड काळ लांबला की प्रामाणिक लहान सभासदही त्या आकड्याच्या खाली घसरतो, आणि त्याला ते सभेच्या दारात, यादीत नाव नसल्यावर कळतं. त्या अपमानानंतर माणूस परत येत नाही. मंडळीचं वर्ष एप्रिल ते मार्च. जानेवारीत प्रत्येकाला त्याचे भरलेले दिवस आणि लिटर सांगितले तर हातात अडीच-तीन महिने राहतात. मंत्री आपणहून सांगत नसेल तर तुम्ही विचारा. आणि तुमच्याकडून करण्यासारखं म्हणजे दोन्ही म्हशी एकदम भरवू नका. चार-पाच महिन्यांचं अंतर ठेवा, म्हणजे एक आटली तरी दुसरीची धार चालू राहते.

भावफेराबद्दल तक्रार नाही. वर्षभर घातलेल्या दुधाच्या प्रमाणात एकरकमी पैसे येतात, त्यावर फी, बी-बियाणं, लग्नकार्य निघतं, आणि दूधवाल्याकडे याला तोड नाही. हिवाळ्यात सगळीकडे दूध वाढतं तेव्हा तो ‘आज राहू द्या’ म्हणतो. मंडळी त्याही दिवशी बरणी घेते. हे विसरून उन्हाळ्यातल्या चढ्या दराला भुलणाऱ्यांनी डिसेंबर आठवावा.

वार्षिक साधारण सभा मात्र बहुतेक ठिकाणी वाया जाते. कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग ताळेबंद एका दमात वाचला जातो, ‘मंजूर, मंजूर’, स्टीलचा डबा आणि घरी. सभेआधी आठ दिवस फळ्यावर पाच आकडे लिहिले तरी चित्र बदलतं: वर्षाचं एकूण दूध, संघाकडून आलेले पैसे, सभासदांना वाटलेले पैसे, मंडळीचा खर्च, आणि काउंटरवर गावात किरकोळ विकलेल्या दुधाची रक्कम. पाचवा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण प्रश्न त्यावरच येतात. आणि सभा धारेच्या वेळेला ठेवू नये. चार वाजता सभा लावून बायका आल्या नाहीत म्हणणं हा अन्याय आहे. साडेचारला त्यांचे हात कासेला असतात. दुपारी एक ते तीन ठेवली तर त्या येतात.

तर शेअर घ्यायला जाल तेव्हा दर विचारू नका. तो संघ ठरवतो आणि फळ्यावर लिहिलेला असतो. मंत्र्याला इतकंच विचारा: ‘मंत्रीभाई, आमची म्हैस आटली तर दाण मिळेल का, आणि पैसे कसे कापाल?’ तो रजिस्टर उघडून दाखवायला लागला तर शेअरचे पैसे तिथेच भरा. ‘दूध सुरू झालं की या’ म्हणाला, तर शेजारच्या गावची मंडळीही एकदा बघून घ्या.