सी ड्राइव्हची लाल पट्टी आणि स्टोरेज सेन्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिलचा शेवटचा आठवडा, ऐन लग्नसराई, आणि फोटोशॉप उघडेना. स्क्रॅच डिस्क (फोटोशॉप तात्पुरतं काम जिथे लिहितं ती डिस्क) भरली आहे, सुरू करता येत नाही, एवढाच निरोप आणि खाली ओकेचं बटण. ओके दाबलं की सगळं गायब. समोर गिऱ्हाईक बसलेलं, त्याला संध्याकाळपर्यंत वीस फुटी फ्लेक्सची फाइल हवी. दिस पीसी उघडून पाहिलं तर सी ड्राइव्हची पट्टी लालभडक, १११ पैकी १.९ जीबी शिल्लक.

मी कराडला घरूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, बायोडेटा, वाढदिवसाचे फ्लेक्स, कधीमधी सोसायटीचा अहवाल. मशीन जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, विंडोज १०. दोन वर्षांपूर्वी दुकानदाराने त्यात १२० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कहून वेगवान डिस्क, बसवून दिली. १२० ची १११ कशी झाली म्हणून मी तेव्हा त्याच्याशी हुज्जत घातली होती. डबीवर १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून आकडा कमी दिसतो. तो बिचारा खरं सांगत होता. काम सगळं डी ड्राइव्हवर, जुन्या हार्डडिस्कवर. सी वर फक्त विंडोज आणि सॉफ्टवेअरं. तरी सी भरायचीच.

भरली की आजवर एकच उपाय होता. दुकानात फोन करायचा, तिथला पोरगा म्हणायचा, "ताई, फॉरमॅट मारून टाकू?" पाचशे रुपये, एक दिवस मशीन दुकानात, आणि नंतरचे दोन दिवस श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर), फॉन्ट, प्रिंटर परत बसवण्यात. असं वर्षातून दोनदा. यंदा लग्नसराईत तेवढी सवड नव्हती, म्हणून स्टोरेज सेन्स, म्हणजे नको असलेल्या फायली आपोआप काढणारी विंडोजची सोय, चालू केलं. तेव्हापासून एकदाही फॉरमॅट मारलेलं नाही. पण "चालू करा आणि विसरा" असं कुणी सांगत असेल तर ते अर्धंच खरं आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

स्टोरेज सेन्स वेगळं उतरवावं लागत नाही. २०१७ पासून ते विंडोज १० मध्येच आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, वरच बटण. पहिल्यांदा "क्लीन नाऊ" दाबलं आणि चहा ठेवून आले, तोवर ११ जीबी मोकळी. एवढं होतं तरी काय? रनच्या खिडकीत %टेम्प% टाकून (अर्थात इंग्रजीत) जो फोल्डर उघडतो, त्यात फोटोशॉपच्या नावाच्या दोन-दोन, तीन-तीन जीबीच्या फायली साठल्या होत्या, हे मी आधी बघून ठेवलं होतं. त्या गेल्या.

त्या तिथे आल्या कशा, हे कळल्यावर मात्र मला हसू आलं. काम रॅममध्ये मावेनासं झालं की फोटोशॉप उरलेलं डिस्कवर लिहीत जातं. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स, ७२ रिझोल्यूशन, सीएमवायके (छपाईचे चार रंग) धरला तर नुसता एक सपाट थर सुमारे ५७० एमबीचा होतो. त्यावर नेत्याचा फोटो, कार्यकर्त्यांचे चौदा चेहरे, मागे भगवा झोत, आणि मागे जाता यावं म्हणून ठेवलेली प्रत्येक पायरीची हिस्टरी. प्रोग्रॅम नीट बंद केला तर ती तात्पुरती फाइल तो स्वतःच पुसतो. पण लाइट गेली तर पुसायला तो जिवंतच नसतो. फाइल तशीच मागे राहते, आणि पुढच्या वेळी नवी तयार होते. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसाआड लाइट जाते, यूपीएसची बॅटरी केव्हाचीच बसलेली. म्हणजे सी ड्राइव्ह भरण्याचं मूळ कारण संगणकात नव्हतंच.

त्या दिवशीपुरता मार्ग असा निघाला: कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरून फोटोशॉप सुरू केलं की आधी स्क्रॅच डिस्क निवडायची खिडकी येते. तिथे सी काढून डी दिला. हार्डडिस्क एसएसडीपेक्षा हळू, त्यामुळे मोठ्या फ्लेक्सला थोडं थांबावं लागतं. माझी त्याला हरकत नाही. एक तोटा आहे. लाइट गेली की आता त्या फायली डी ड्राइव्हवर अगदी उघड्यावर पडतात आणि स्टोरेज सेन्स तिथे झाडू मारत नाही. शनिवारी फोटोशॉप बंद करून मी त्या हाताने काढते. फोटोशॉप चालू असताना काढायला जाऊ नका.

मे संपताना पट्टी परत लाल. एक्सप्लोररमध्ये दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की ती लाल होते, म्हणजे माझ्याकडे ११ जीबीच्या खाली. मी होते १३ वर, तीन आठवड्यांत आले ९ वर. स्टोरेज सेन्स दर आठवड्याला चालत होतं, हाताने चालवलं तर शे-दोनशे एमबी काढून गप्प बसत होतं. फोटोशॉप तर आता डी वर होतं. मग रोज कोण खातंय?

इथे मुलाने विंडिरस्टॅट उतरवून दिलं. फुकट आहे, जुनं आहे, दिसायला ओबडधोबड, पण सगळा ड्राइव्ह रंगीत चौकोनांत मांडून दाखवतं. जितकी फाइल मोठी तितका चौकोन मोठा. मोजणी चालू असताना पिवळे पॅकमॅन तोंड उघडमीट करत फिरतात, ते बघायला सासरेही येऊन बसले. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर बंद फोल्डर मोजले जात नाहीत. आम्ही पहिल्यांदा तसंच चालवलं आणि हिशोब लागेना. दुसऱ्यांदा नीट चालवल्यावर एका कोपऱ्यात एकाच रंगाच्या ठिपक्यांचा मोठा गठ्ठा दिसला. बोट ठेवलं तर विंडोज, सिस्टीम३२, स्पूल, प्रिंटर्स. १४.२ जीबी.

प्रिंट दिली की ती आधी या फोल्डरमध्ये उतरते, तिथून प्रिंटरकडे जाते, आणि कागद बाहेर पडला की फाइल पुसली जाते. आमच्या पुसल्या जात नव्हत्या. प्रिंटरची रांग उघडली तर फेब्रुवारीपासूनचं प्रत्येक काम "प्रिंटेड" असा शेरा घेऊन उभं! बायोडेटा, बायोडेटा, पत्रिका प्रूफ, पत्रिका प्रूफ २, सासऱ्यांची स्तोत्रं, मुलाचे जर्नल. रंगीत पानाची एकेक फाइल चाळीस-पन्नास एमबीची. प्रिंटर प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, तिथे "कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स" या चौकटीत टिक. मी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "आई, जर्नलची पानं परत परत काढायला लागतात ना, म्हणून केलं होतं. इथूनच रीस्टार्ट मारलं की पान येतं." डोकं चांगलं चाललं होतं त्याचं, फक्त टिक काढायची राहिली.

टिक काढली, रांग रिकामी केली. चार-पाच कामं हटेनात, तेव्हा सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) थांबवला, त्या फोल्डरमधल्या फायली पुसल्या, स्पूलर परत चालू केला. फोल्डर नाही पुसायचा, आतल्या फायली फक्त. अडकलेल्या प्रिंटवरही हाच उपाय आहे. त्यासाठी मी पूर्वी मशीन तीनतीनदा बंद-चालू करायचे.

स्टोरेज सेन्सने हे का काढलं नाही, असा राग आधी आला. पण ते त्याचं कामच नाही. प्रोग्रॅम वापरत नाहीत अशा टेम्प फायली, रिसायकल बिनमधल्या ठराविक दिवसांपेक्षा जुन्या फायली, आणि सांगितलं तर डाउनलोड्स, मुख्यतः एवढाच त्याचा इलाका. घरात झाडायला येणाऱ्या बाई अंगण आणि सोपा झाडतात, माळ्यावर चढत नाहीत. माळ्यावर आपणच जायचं.

त्याच दिवशी माळ्यावर आणखी दोन गोष्टी सापडल्या. एक हायबरफिल नावाची फाइल, ३.२ जीबी. हायबरनेट करताना, म्हणजे चालू काम जसंच्या तसं ठेवून मशीन बंद करताना, रॅममधलं सगळं इथे उतरवलं जातं, म्हणून विंडोज रॅमच्या साधारण ४० टक्के जागा आधीच अडवून ठेवतं. मी डेस्कटॉप कधी हायबरनेट करत नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, तिरकी रेघ, एच, स्पेस, ऑफ, सगळं इंग्रजीत. एंटर मारलं, फाइल गायब. याने फास्ट स्टार्टअप, म्हणजे मशीन लवकर सुरू करण्याची सोयही बंद होते. एसएसडीवर चार-पाच सेकंदांचा फरक पडला असेल, मी मोजला नाही. लॅपटॉपवाल्यांनी मात्र हे विचार करून करावं. दुसरं म्हणजे डिस्क क्लीनअपमध्ये "क्लीन अप सिस्टीम फाइल्स" दाबल्यावर दिसणारा विंडोज अपडेटचा जुना माल, तीन जीबीच्या आसपास. त्याला वेळ लागतो, बंद पडलंय असं समजून मध्येच उठू नका.

विनएसएक्सएस नावाचा फोल्डर बघून माझा हात शिवशिवला होता, कारण आकडा भलताच मोठा दिसतो. त्याला हात लावायचा नाही. त्यातल्या बऱ्याच फायली म्हणजे एकाच फाइलला दोन ठिकाणची नावं आहेत, त्यामुळे मोजणारं सॉफ्टवेअर त्या दोनदा धरतं. हाताने पुसलं तर विंडोजच बसेल, आणि मग खरंच पाचशे रुपये.

आता माझी चूक. डाउनलोड्सचा पर्याय मी उत्साहात ६० दिवसांवर ठेवला होता. बरेच दिवस हात न लागलेल्या फायली आपोआप जाणार, किती सोय! गिऱ्हाइकांचा मजकूर मला व्हॉट्सॲप वेबवरून येतो आणि थेट डाउनलोड्समध्ये पडतो. मेमध्ये मसूर गावच्या एका काकांनी पत्रिकेची नावं पाठवली होती. वहीच्या पानावर हाताने लिहिलेली, निमंत्रक, आपले विनीत, किलबिल, सगळी मिळून साठेक नावं, पानाचा फोटो. मुहूर्त पुढे ढकलला म्हणून काम थांबलं. ऑगस्टमध्ये काकांचा फोन, "ताई, ती पत्रिका घ्या आता." डाउनलोड्समध्ये फोटो नाही. रिसायकल बिनमध्येही नाही, कारण इथून गेलेल्या फायली बिनमध्ये थांबल्याच नाहीत. फोनवरची चॅट मी जूनमध्येच साफ केलेली, फोनही भरला होता म्हणून! काकांनी तोवर मोबाइल बदललेला. शेवटी त्यांनी परत पान लिहून आणून दिलं, आणि या वेळी दोन भाऊबंद गाळले होते. ते का गाळले, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हापासून डाउनलोड्स "नेव्हर". टेम्पररी फाइल्सची यादी हाताने उघडलीत तर तिथेही डाउनलोड्सची ओळ असते, मोठा आकडा घेऊन. टिक आधीपासून नसते, आपणच मोहात पडून करतो. आता मजकूर आला की लगेच डी वर गिऱ्हाइकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये. रिसायकल बिन ३० दिवसांवर आहे, ते मला पुरतं.

ब्राउझरच्या कॅशेच्या (साइट लवकर उघडाव्यात म्हणून साठवलेल्या फायलींच्या) मागे मी लागत नाही. पुसली की साइट हळू उघडतात आणि आठवड्यात ती परत तेवढीच होते. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या "बॅकअप ऑफ" नावाच्या फायलीही कचरा नव्हेत. लाइट गेल्यावर त्यांनी मला दोनदा तारलंय, त्या मी काम पोचतं झाल्यावरच काढते. आणि दुकानातून पूर्वी कुणीतरी टाकून दिलेला एक फुकट क्लीनर होता. तो दर वेळी हजारभर "प्रॉब्लेम" दाखवायचा आणि सोडवायला पैसे मागायचा. तो काढल्यावर काहीही बिघडलं नाही.

मोठी अपडेट आली की विंडोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर कधी कधी दिसतो. मागे जायची सोय म्हणून तो दहा दिवस राहतो, मग आपोआप जातो. घाई करून काढू नये. मला आता ते बघायची वेळ बहुधा येणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्या प्रोसेसरवर विंडोज ११ बसत नाही.

जूनच्या साफसफाईनंतर सी वर ३० जीबी मोकळी झाली होती. तुळशीची लग्नं लागली, पत्रिकांचा हंगाम पुन्हा सुरू झाला, आणि आज डिसेंबरात आकडा २६ आहे. पट्टी निळी. पाचपैकी गुण द्यायचे तर स्टोरेज सेन्सला साडेतीन, विंडिरस्टॅटला पाच. मोठी एसएसडी घ्यायचा विचार होता तो पुढे ढकलला, आधी यूपीएसची बॅटरी बदलणार आहे. मुलाची जर्नलं परत सुरू झाली आहेत आणि त्याला ती प्रिंटरची टिक परत हवी आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.